चार गुण आणि एक डाव

समोरच्या खुर्चीवर कोणी नव्हतं आणि घड्याळ मात्र चालू होतं.

साताऱ्यातल्या एका शाळेचं ते सभागृह होतं. लांबलचक बाकांवर पट मांडलेले, आणि वीस-बावीस मुली माना खाली घालून खेळत होत्या. माझ्या पटावर बत्तीसच्या बत्तीस मोहरी जिथल्या तिथे उभी होती. माझी काळी. पांढरी महाबळेश्वरच्या कुणा मुलीची होती, ती आलीच नव्हती. पहिली खेळी पांढऱ्याने करायची असते. त्यामुळे मला नुसतं बसून राहण्यापलीकडे काही करताच येत नव्हतं.

"सर, ती कधी येणार?" मुख्य पंच बर्गे सर जवळून चालले होते, त्यांना मी हळूच विचारलं.

"अर्धा तास थांबायचं. नाही आली तर गुण तुझा."

"मला गुण नको सर. खेळायचंय."

ते हसले. "अगं, गुणासाठीच तर खेळतात," म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले.

पहिल्या फेरीतही माझं हेच झालं होतं. स्पर्धेत मुली तेवीस. जोड्या लावल्या की एक उरते, आणि ती उरलेली मी होते. त्याला 'बाय' म्हणतात, आणि न खेळताच पूर्ण गुण देतात. सगळ्या खेळत असताना मी बाहेर व्हरांड्यात बसून कुंड्या मोजल्या होत्या. आता दुसरी फेरी, आणि समोर रिकामी खुर्ची. अर्धा तास झाल्यावर बर्गे सरांनी घड्याळ बंद केलं, माझ्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "शाब्बास. दोन झाले."

शाब्बास कशाबद्दल, ते मला कळलं नाही.

मी तेव्हा सातवीत होते. दहिवडीजवळच्या आमच्या गावात बुद्धिबळ आणलं ते चित्रकलेच्या खैरमोडे सरांनी. शाळेच्या फाटकापाशी एक काळा फळा होता. दर सोमवारी सर त्यावर रंगीत खडूने चौसष्ट घरं आखायचे, त्यात मोहरी काढायचे आणि खाली लिहायचे : 'पांढऱ्याने दोन खेळ्यांत मात करा.' उत्तर चिठ्ठीवर लिहून सरांना द्यायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की चित्रकलेच्या वर्गात आम्ही दहा-बारा जण खेळायला थांबायचो. मोहऱ्याला हात लावला की तेच हलवायचं. खेळताना गुणगुणायचं नाही. मुलींनी बांगड्या काढून बसायचं, कारण त्या वाजतात आणि समोरच्याचं ध्यान जातं. हरलं की आपणहून हात पुढे करायचा आणि मोहरी परत लावूनच उठायचं. सर या गोष्टी खेळ्यांच्या आधी शिकवायचे.

त्या वर्षी सबंध उन्हाळा मी रोज दुपारी सरांच्या घरी जाऊन खेळले होते. सरांना मी एकदाही हरवलं नव्हतं, पण मे महिन्याच्या शेवटी एकदा बरोबरी केली होती. सर उठून उभे राहिले होते आणि काकूंना हाक मारून म्हणाले होते, "बाहेर या, हे बघा." जिल्ह्याच्या स्पर्धेला शाळेतून मला एकटीलाच नेलं होतं. म्हणजे मी खेळायलाच आले होते की नाही?

तिसऱ्या फेरीत शेवटी समोर मुलगी आली. कराडची शाहीन बागवान. आम्ही हात मिळवला. तिने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सारलं, मीही सारलं. मला इतका आनंद झाला की खेळी लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. सहाव्या खेळीला शाहीनने डोकं दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं विचार करतेय. मग तिने तोंडावर हात ठेवला आणि ती दाराकडे धावली. बाहेरून तिच्या उलटीचा आवाज आला. तिच्या बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "अंगात ताप आहे हो हिच्या. नाही खेळू शकत."

"मी थांबते की," मी म्हणाले. "तिला बरं वाटेपर्यंत थांबते."

"असं थांबता येत नाही," बर्गे सर म्हणाले आणि माझ्या नावापुढे तिसरा गुण मांडला.

मुक्कामाला मी गोडोलीत आत्याकडे होते. सर त्यांच्या मित्राकडे उतरले होते. आत्याने दारातच विचारलं, "जिंकलीस का गं?"

"तीन जिंकले."

"अगं बया! तीनच्या तीन?"

"पण खेळले नाही."

"म्हंजे? न खेळता कसं जिंकलीस?"

मी सगळं सांगितलं. आत्या भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "मग बरंच झालं की. डोक्याला ताप न्हाई. उद्याबी असंच होऊ दे, म्या देवाला सांगती."

"नको सांगूस!" मी एवढ्या जोरात ओरडले की तिच्या हातातली भाकरी वाकडी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथी फेरी. समोर वाईची अश्लेषा पिसाळ. तीही तीनपैकी तीन. बारीक, चष्मेवाली, आणि खेळायला पक्की. दहा खेळ्या झाल्या, तरी कुणाचं काही गेलं नव्हतं. पटाच्या मध्यभागी सगळी गर्दी झाली होती, आणि कुठून सुरुवात करावी ते दोघींनाही ठरवता येत नव्हतं. असला डाव मला हवा होता. मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते, आणि तसं बसू नये हेही मला आठवलं नाही.

पालकांना सभागृहात येऊ देत नव्हते. ते बाहेर खिडक्यांशी उभे असायचे. अश्लेषाचे वडील आमच्या बाजूच्या खिडकीत होते. अचानक ते गज धरून म्हणाले, "उंट! अगं, उंट बघ!"

बर्गे सर ताडताड आले. "पिसाळसाहेब, ही शेवटची ताकीद. पुन्हा बोललात तर डाव मुलीच्या विरोधात जाईल."

अश्लेषाची मान खाली गेली. तिने उंट हलवलाच नाही, मुद्दाम हत्ती हलवला. आणखी दोन खेळ्या झाल्या. मी घोडा पुढे टाकला. तो तिला फुकट मिळत होता, पण तो घेतल्यावर मी काय करणार आहे, ते मी मनात तीनदा तपासून बघितलं होतं. तिने घोड्याकडे बघितलं. डोळे बारीक करून ती विचार करत होती. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "घोडा घे ना गं, काय बघत बसलीस!"

बर्गे सरांनी येऊन घड्याळ थांबवलं.

"सर, मी घोडाच घेणार होते," अश्लेषा म्हणाली. "मला आधीच दिसला होता."

"असेल बाळ. पण ते मला कळायला आता मार्ग नाही."

"सर, माझी तक्रार नाही," मी म्हणाले. "ती घेऊ दे घोडा. आम्ही खेळतो."

"तुझ्या तक्रारीचा प्रश्नच नाही. नियम आहे."

अश्लेषा रडत मोहरी लावायला लागली. तिच्या चष्म्याखालून पाणी ओघळून पटावर पडत होतं आणि ती ते बाहीने पुसत होती. मी तिला मोहरी लावू लागले. घोडा घेतला असतास तर मी वजिराने शह देणार होते, असं तिला सांगावं असं मला फार वाटत होतं. पण तिची अवस्था बघून मी नुसती तिची प्यादी रांगेत लावली. चार गुण झाले होते. चारपैकी चार. आणि अजून एकही डाव शेवटपर्यंत खेळले नव्हते.

दुपारी जेवायच्या सुट्टीत खैरमोडे सर मला शोधत आले. त्यांच्याबरोबर एक टाय लावलेले गृहस्थ होते. ते निमकर, ऋता उपळेकरचे प्रशिक्षक. ऋता साताऱ्याची. तिनेही चारपैकी चार मिळवले होते, आणि तेही खरोखर खेळून. निमकर माझ्याकडे बघून हसले, सरांचा हात दाबला आणि निघून गेले.

"दडस, नीट ऐक," सर म्हणाले. ते मुलांना आडनावानेच हाक मारायचे. "तुझे चार, उपळेकरचे चार. बाकी सगळ्या तीनवर किंवा त्याखाली. शेवटची फेरी तुमच्या दोघींची. बरोबरी झाली तर दोघी साडेचारवर, पहिल्या दोघी. पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जातात. कळलं?"

"हो सर."

"निमकरांशी बोलणं झालंय. पाचव्या खेळीनंतर ती ड्रॉ विचारेल. हात मिळवायचा आणि उठायचं."

"आणि खेळायचं?"

"पाच खेळ्या खेळायच्या की."

"सर, मी अजून खेळलेच नाही."

"राज्याला खेळ ना! तिथे सात फेऱ्या असतात."

"तिथेही कुणी आलं नाही तर?"

सर हसले नाहीत. "दडस, हट्ट नको. ती मुलगी गेल्या वर्षी राज्याला खेळून आलीय. तू हरशील."

"मग हरेन."

"हरलीस तर हातात काहीच राहणार नाही. न खेळता मिळालेल्या गुणांना पुढे किंमत नसते. सारखे गुण झाले, की कोण कुणाशी खेळलंय ते बघतात. तू कुणाशी खेळलीयस?"

"तेच तर मी म्हणतेय!"

आजूबाजूच्या दोन-तीन जणांनी वळून बघितलं. सरांनी आवाज खाली आणला. "हळू बोल."

"तुम्हीच सांगितलं होतं सर, डाव आधी ठरवून खेळायचा नसतो. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, ते मला आजही स्पष्ट दिसतं. पण त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "ते वेगळं. भात खाऊन घे. दोन वाजता फेरी आहे."

मी भात खाल्ला नाही.

ऋता उपळेकर माझ्याच वयाची, पण एक वीत उंच. तिने हात मिळवला तो मोठ्या माणसासारखा, घट्ट. पांढरी मोहरी तिची होती. पहिल्या पाच खेळ्या तिने जवळजवळ न बघता केल्या. पाचवी खेळी करून, घड्याळाचं बटण दाबायच्या आधी, ती म्हणाली, "ड्रॉ?" आणि हात पुढे केला.

"नको," मी म्हणाले.

तिला वाटलं मी ऐकलं नाही. "ड्रॉ विचारतेय."

"कळलं. नको."

तिने हात मागे घेतला आणि घड्याळ दाबलं. मी खेळले. तिने सहावी खेळी केली आणि पुन्हा म्हणाली, "ड्रॉ."

"नाही म्हटलं ना!"

"अगं, पण ठरलंय ना?" ती कुजबुजली.

नेमके बर्गे सर आमच्या मागे उभे होते. त्यांनी वाकून विचारलं, "काय ठरलंय?"

ऋताचा चेहरा पांढरा पडला. मी खिडकीकडे बघितलं. तिथे खैरमोडे सर उभे होते. दोन्ही हातांनी गज धरून, ओठ मिटून. खरं सांगितलं असतं तर दोघींचे डाव गेले असते, आणि दोन्ही सरांची अब्रूही.

"काही नाही सर," मी म्हणाले. "ती ड्रॉ मागतेय. मला खेळायचंय."

"मग परत परत विचारायचं नाही," बर्गे सर ऋताला म्हणाले. "एकदा नाही म्हटलं की समोरच्याला त्रास द्यायचा नाही. पुन्हा विचारलंस तर वेळ कापेन."

ऋताने माझ्याकडे अशा रागाने बघितलं, जणू मी तिच्या घरात घुसून काही चोरलं होतं. मग तिने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि खेळायला बसली.

मी दोन तास खेळले. एकाहत्तर खेळ्या. तिने माझं एक प्यादं घेतलं, मी चौदा खेळ्यांनंतर ते परत मिळवलं. एकदा माझा वजीर कोंडला जातोय असं वाटलं, पण तो एका फटीतून सुटला. तेव्हा ऋता स्वतःशीच "हं" म्हणाली, आणि मला ती पहिल्यांदा आवडली. इतर सगळे डाव संपले. मुली आमच्याभोवती गोळा झाल्या, त्यांना पंचांनी मागे सारलं. अश्लेषाही होती त्यांत. ऋताच्या घड्याळात चार मिनिटं उरली होती, माझ्या घड्याळात अकरा. दोघींकडे एकेक हत्ती, माझ्याकडे उंट, तिच्याकडे घोडा, आणि थोडी प्यादी.

घाई तिला होती, आणि चूक मी केली. उंट मी एक घर जास्त लांब नेला. हात सोडला आणि दिसलं. तिचा घोडा एका उडीत माझ्या राजालाही शह देत होता आणि हत्तीवरही नजर ठेवत होता. ऋतालाही दिसलं. तिने लगेच खेळी केली नाही. आधी खोल श्वास घेतला.

हत्ती गेल्यावर मी आणखी नऊ खेळ्या खेळले. मग हात पुढे केला.

"छान खेळलीस," ऋता म्हणाली. मग हळूच विचारलं, "एवढं छान खेळतेस, तर मग तुझ्या सरांनी ड्रॉ कशाला मागितला?"

"मागितला तुझ्या सरांनी."

"नाही गं. तुझ्या."

आम्ही मोहरी लावत होतो. मी पुढे काही विचारलं नाही.

चार गुणांवर चौघीजणी झाल्या. तुलनेत मी सगळ्यांत मागे गेले, कारण माझे दोन गुण तर समोर कुणी नसतानाच मिळाले होते. पाचवा क्रमांक. एक प्रमाणपत्र मिळालं. एसटीत खैरमोडे सर वाहकाच्या मागच्या बाकावर बसले आणि मी मागे खिडकीशी. कोरेगाव गेलं, पुसेगाव गेलं. सर एकदाही मागे वळले नाहीत. गावच्या फाट्यावर उतरल्यावर एवढंच म्हणाले, "नीट जा."

सोमवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक पोळ सरांनी ते प्रमाणपत्र सगळ्यांसमोर वाचलं. "आपल्या शाळेची कुमारी दमयंती दडस हिने पाचपैकी चार डाव जिंकून शाळेचं नाव उज्ज्वल केलं आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की जे चार तुम्ही मोजताय ते मी खेळलेच नाही, आणि जो खेळले त्याबद्दल कुणीच काही विचारत नाही. खैरमोडे सर शिक्षकांच्या रांगेत जमिनीकडे बघत उभे होते.

त्याच आठवड्यात शनिवारचा बुद्धिबळाचा वर्ग बंद झाला. त्या वेळेत स्कॉलरशिपचा जादा तास सुरू झाला. फाटकाजवळच्या फळ्यावर सोमवारी सुविचार यायला लागले.

सरांनी माझं ऐकून घेतलं नाही, आणि मी त्यांचं ऐकलं नाही म्हणून सगळ्यांचा खेळ बंद केला, असं मी धरून चालले. दहावीपर्यंत मी त्यांच्याशी विचारल्याखेरीज बोलले नाही. चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर बसायचे. ते माझ्या वहीवर 'चांगले' असा शेरा मारायचे, मी वही न बघता मिटायचे. गाव सोडताना सगळ्या शिक्षकांच्या पाया पडले, त्यांच्या सोडून.

त्या स्पर्धेला अठरा वर्षं झाली. लग्न होऊन मी कोरेगावला आले, नोकरीला लागले. एका लग्नात शाळेतले जुने कारकून बोराटे भाऊसाहेब पंगतीत शेजारी बसले. बोलता बोलता स्पर्धेचा विषय निघाला. ते म्हणाले, "तुझ्या त्या साताऱ्याच्या स्पर्धेआधी पंधरा दिवस पोळ सरांनी खैरमोड्यांना पत्र दिलं होतं. मीच टाइप केलेलं. 'विद्यार्थी राज्य पातळीवर निवडला गेल्यास वर्ग चालू राहील, अन्यथा सदर वेळ स्कॉलरशिपला देण्यात येईल.' बिचारे खैरमोडे. दोन वर्षं भांडत होते त्या वर्गासाठी."

मी ताटावरून उठले. पुढच्या रविवारी गावी गेले.

सर निवृत्त झाले होते. ओसरीत बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, "ये दडस," म्हणाले, आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. मी बसलेही नाही.

"पत्राचं मला का नाही सांगितलंत?"

सरांना कुठलं पत्र ते विचारावं लागलं नाही. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"ड्रॉ तुम्हीच मागितला होता ना? निमकरांकडे तुम्हीच गेला होतात."

"हो. मीच."

"मग मला एवढं एक वाक्य सांगता येत नव्हतं? वर्ग बंद होईल, एवढंच. मी अठरा वर्षं तुमच्यावर राग धरला सर!"

"माहीत आहे."

"मग का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत, डाव ठरवून खेळायचा नसतो असं तू मलाच ऐकवलंस, तेव्हा अगदी तोंडाशी आलं होतं." सरांनी पुढची शेंग उचलली आणि तशीच हातात धरली. "पण सांगितलं असतं, तर तू ड्रॉ घेतला असतास."